चेहऱ्याआधी भिंत: इम्प्रेशनिस्ट वळणाचं पहिलं पोर्ट्रेट करताना

माझ्या रविवारच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली असते. त्यामुळे हात थोडाफार वळलेला असतो, पण एक सवयही जडलेली असते: आधी आउटलाइन काढायची, मग आत रंग भरायचा आणि बॅकग्राउंडला शेवटी उरलेला रंग फासायचा. समोर एखादी तरुण मुलगी बसवून तेलरंगात, रन्वार किंवा मोरिझो या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या मोकळ्या फटकाऱ्यांच्या वळणानं तिचं पोर्ट्रेट करायला घेतलं की ही सवय पहिल्याच तासाला आडवी येते. चेहरा कात्रीनं कापून कागदावर डकवल्यासारखा दिसू लागतो.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. भिंत आधी, चेहरा तिच्याबरोबरीनं, आणि डोळे अगदी शेवटी. तेलरंगांना कधी हातच लावला नसेल तर आधी दोन-तीन रविवार कपबशी, वांगी, पितळी तांब्या असलं काहीतरी रंगवा. वांगं हललं म्हणून तक्रार करत नाही आणि वांग्याच्या आईला ते ओळखू आलं नाही तरी चालतं.

एक चित्र पोटभर बघा

ब्रश हातात घेण्याआधी एक संध्याकाळ नुसती बघण्यात घालवा. मी वर्गात नेहमी एकच चित्र लावते: प्येअर-ओग्युस्त रन्वारनं १८७७ मध्ये केलेलं झान सामारीचं पोर्ट्रेट. मूळ चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. आकार जेमतेम ५६ बाय ४७ सेंटिमीटर. झान तेव्हा विशीची होती, पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेझमधली नटी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इम्प्रेशनिस्टांचं तिसरं प्रदर्शन भरलं, त्यात हे चित्र होतं. (विश्वकोशात या पंथाला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणतात. शब्द अचूक आहे, पण वर्गात तो उच्चारेपर्यंत पॅलेटवरचा रंग वाळतो.)

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर आता चांगली मोठी छायाचित्रं मिळतात. चित्र पडद्यावर मोठं करा आणि स्वतःला विचारत जा. मागची भिंत कुठल्या रंगाची? गुलाबी. सपाट गुलाबी नाही, केशरी, पांढुरके, जांभळट असे फटकारे एकमेकांवरून गेलेले. गाल कुठल्या रंगाचा? तोही गुलाबीच. मग गाल भिंतीत बुडून का जात नाही? कारण खाली निळसर हिरवा पोशाख आहे. त्या हिरव्याच्या शेजारानं गालाचा गुलाबी पेट घेतो. आणि हनुवटीखाली, टेकवलेल्या हाताच्या सावलीत बघा, तोच निळा-हिरवा हलकेच वर चढून आलाय. तपकिरी सावली कुठेही नाही.

ही करामत काही रन्वारनं हवेतून काढलेली नव्हती. मिशेल शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलँ इथल्या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. त्यानं तपासलं तर लोकर नीटच रंगवलेली होती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मरगळलेला दिसत होता. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ चा. आपल्याकडे पैठणी विणणाऱ्याला किंवा निवडणाऱ्या बाईला हे ग्रंथाशिवाय ठाऊक असतं: तोच जांभळा पोपटी काठाशेजारी वेगळा दिसतो आणि सोनेरीशेजारी वेगळा. पोर्ट्रेटमध्ये फरक एवढाच की चेहरा हे साडीचं अंग समजायचं आणि भिंत म्हणजे काठ.

आता त्याच झानचं दुसरं चित्र शेजारी लावा. १८७८ सालचं, पूर्णाकृती, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये असलेलं. गुलाबी गाऊन, हातमोजे, मागे झाडं. हे रन्वारनं १८७९ च्या सरकारमान्य सलाँ प्रदर्शनाला दिलं होतं, आणि ते दिसतंच. चेहरा जास्त घोटलेला, रंग जास्त सभ्य. बाई तीच, हात तोच, पण समोरचा प्रेक्षक बदलला की फटकारा कसा आवरला जातो ते इथे शिकायला मिळतं. मला स्वतःला छोटं चित्र कितीतरी जास्त आवडतं.

सामान

कॅनव्हास १६ बाय २० इंचाचा घ्या. कॅनव्हास बोर्डही चालेल. पांढराच राहू द्या. अकादमीतली जुनी मंडळी तपकिरी जमिनीवर, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेल्या तपकिरी थरावर, काम करायची, इम्प्रेशनिस्टांनी पांढरी आणि फिकट जमीन धरली. रन्वार पोरवयात पॅरिसमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायचा. पांढऱ्यावर पातळ रंग दिला की तो आतून उजळतो, हे त्याच्या हातात तेव्हापासूनच असणार असं मला वाटतं.

ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे, म्हणजे फ्लॅट: एक इंचभर रुंद, दोन मध्यम, एक छोटा. शिवाय एक मऊ फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा ब्रश. बारीक टोकाचा शून्य नंबर घरीच ठेवा. हाताशी असला की माणूस पापण्या मोजू लागतो.

रंग सातच: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, एक गुलाबी (परमनंट रोझ), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि व्हिरिडियन (निळसर हिरवा). ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब दुकानदार हमखास पुढे करतो. घेऊ नका. कारण पुढे सांगते, त्यात माझीच फजिती आहे.

गुलाबीबद्दल दोन शब्द. स्वस्तातला क्रिमझन लेक दिसायला सुंदर असतो, पण उजेडात उडतो. रन्वारनं १८८३ मध्ये मादाम लेओं क्लापिसों या बाईंचं पोर्ट्रेट केलं, ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची पार्श्वभूमी निळसर करडी आणि शांत म्हणून लोक बघत आले. चौकट काढली तेव्हा कडेला, जिथे उजेड पोचला नव्हता तिथे, झगझगीत लाल सापडला. कीटकापासून केलेला कार्माइन रंग उडून गेला होता. २०१४ मध्ये तिथे त्यावर खास प्रदर्शनच झालं. तेव्हा ट्यूबवरचे टिकाऊपणाचे तारे किंवा अधिकची चिन्हं वाचूनच गुलाबी घ्या.

काळा नाही का? इम्प्रेशनिस्टांनी काळा वापरलाच नाही ही ऐकीव गोष्ट आहे. मोनेनं तो जवळजवळ सोडला हे खरं. पण रन्वारच्या १८७४ च्या थिएटरच्या बॉक्समधल्या जोडप्याच्या चित्रात बाईच्या गाऊनवरचे काळे पट्टेच भाव खाऊन जातात. आणि एदुआर माने (आपल्या सातारकडच्या मान्यांशी संबंध नाही) यानं १८७२ मध्ये बेर्थ मोरिझोचं जे पोर्ट्रेट केलं, त्यात ती नखशिखांत काळ्यात आहे आणि तरी चित्र उजेडानं भरलंय. नवख्यानं मात्र पहिली पाच पोर्ट्रेट काळ्याशिवाय करावीत. काळा हाताशी असला की सावलीचा विचार करायचा कंटाळा येतो. गडद हवं तिथे अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि गुलाबी मिळून भरपूर गडद होतं.

तेल जवसाचं, चित्रकारांच्या दुकानातलं. पांढऱ्या-फिक्या रंगांत त्या काळी खसखशीचं तेल वापरत, कारण ते कमी पिवळं पडतं. आज बऱ्याच पांढऱ्या ट्यूबांत करडईचं तेल असतं. हे ऐकून एका विद्यार्थ्यानं स्वयंपाकघरातलं करडई तेल आणलं होतं. ते पॅलेटवर महिनाभर तसंच ओलं राहिलं. खायचं तेल वापरू नका. टर्पेन्टाइन थोडंच घ्या, झाकणाच्या डब्यात, आणि खिडक्या उघड्या ठेवा. जुनी सुती साडी किंवा बनियन फाडून भरपूर चिंध्या करून ठेवा. ब्रशइतक्याच लागतात.

कुठे बसवायचं

खोलीतली उत्तरेची खिडकी शोधा. तिथे थेट ऊन सहसा येत नाही, त्यामुळे दोन-तीन तास प्रकाश फार बदलत नाही. ट्यूबलाइट, बल्ब सगळं बंद. खिडकीचा उजेड थंड असतो आणि बल्बचा ऊबदार. दोन्ही एकाच गालावर पडले तर नवख्याची पुरती गाळण उडते.

मुलीला खिडकीपासून साधारण पाच-सहा फुटांवर, थोडी तिरकी बसवा. फार जवळ नको, अर्धा चेहरा अंधारात जातो. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. मैसूरला जाणारा प्रत्येक मराठी माणूस ते बघून येतो. हातातल्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर आणि बोटांतून आरपार, बाकी अंधार. आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवंय. इथे अंधार नसावा, सावलीतही रंग दिसावा. म्हणून सावलीच्या बाजूला पांढरी चादर किंवा फिकट भिंत असू द्या. तिचा उजेड परतून गालावर येतो.

आणि आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय: मागे काय टांगायचं. घरातल्या साड्या, ओढण्या, चादरी बाहेर काढा आणि एकेक तिच्या मागे धरून बघा. हिरवी धरली की चेहरा लालसर होतो, लाल धरली की करडा पडतो, पिवळीपुढे जांभळट. हे पंधरा मिनिटं करा, तिलाही गंमत वाटते. मागच्या वेळी मी भाचीला बसवलं तेव्हा तिच्या मोरपंखी कुर्त्यामागे माझ्या आईची फिकी अबोली साडी टांगली होती. पोरीचा सावळा रंग असा उमलून आला की निम्मं काम तिथेच झालं.

खुर्चीच्या पायांभोवती आणि तिच्या चपलांभोवती खडूनं खुणा करा. वीस-पंचवीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं सुटी, असे सहा-सात फेरे. तेवढ्यात चित्र व्हायला हवं. तिनं टक लावून बघायची गरज नाही, बोलली तरी चालेल. गप्प बसवलेल्या माणसाचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा होतो. मोबाइल मात्र हातात नको, मान खाली जाते.

पहिला अर्धा तास

चारकोलनं रेखाटन करू नका. अल्ट्रामरीनमध्ये भरपूर टर्प घालून पाण्यासारखा पातळ करा आणि मध्यम ब्रशनं चार-पाच खुणा टाका: डोक्याचा माथा, हनुवटी, खांद्यांचा उतार, केसांचा बाहेरचा आकार. चेहरा कॅनव्हासच्या मध्यापासून थोडा वर, आणि ज्या बाजूला ती बघतेय तिकडे जागा जास्त. डोळे-नाक-ओठ यांच्या जागी फक्त आडव्या तीन रेघा. बास.

आता डोळे किलकिले करून बघा. पापण्या इतक्या मिटा की पापण्यांचे केस दिसू लागतील. तपशील नाहीसे होतात, तीन-चार मोठे डाग उरतात: भिंत, केस, चेहऱ्याची उजेडाची बाजू, कपडे. यातला सर्वांत गडद कुठला, सर्वांत उजळ कुठला, ते मोठ्यानं बोलून ठरवा. खात्री वाटत नसेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पडताळा, पण फोटोवरून रंगवू नका.

मग इंचभर रुंदीचा ब्रश घ्या आणि भिंत सुरू करा. चेहऱ्याच्या कडेलगत, गालाच्या बाहेर, केसांच्या बाहेर. भिंतीसाठी दोन-तीन वेगवेगळे रंग मिसळा, पण टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, सारखा ठेवा: अबोली भिंत असेल तर एक गुलाबीकडे झुकणारा, एक पिवळ्याकडे, एक किंचित जांभळट. ते शेजारीशेजारी ठेवा, एकमेकांत घोटू नका. लांबून डोळाच ते मिसळतो. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश चिंधीला पुसायचा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रंग मळण्याचं पहिलं कारण न पुसलेला ब्रश हेच असतं.

भिंत पूर्ण झाकायची नाही. अधेमधे पांढरा कॅनव्हास दिसू द्या. मग कपड्यांचा रंग, मग केस, असं सगळीकडे थोडं थोडं. अर्ध्या तासानंतर चित्र असं दिसायला हवं: सगळीकडे रंग, आणि मधोमध चेहऱ्याच्या जागी कोरा पांढरा अंडाकार. नवख्यांना या टप्प्यावर फार अस्वस्थ वाटतं. थोडं तसंच बसून राहा, चहा घ्या.

त्वचेचा रंग नावाची भानगड

आता फजितीची गोष्ट. माझं पहिलं ‘इम्प्रेशनिस्ट’ पोर्ट्रेट मी फ्लेश टिंटनं सुरू केलं होतं. मॉडेल आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी, चांगली गहूवर्णी. ट्यूबमधून निघाला तो कुठल्यातरी गोऱ्या बाहुलीचा रंग. तो गडद करायला मी तपकिरी घातला, तो मळका झाला म्हणून पिवळा घातला, सहा तास घोटलं. आजी येऊन उभी राहिली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “हिला कावीळ झाली होती तेव्हा बसवलंस का?”

आजीचं निदान बरोबर होतं. त्वचेला एक रंग नसतोच. कपाळावर खिडकीतलं आभाळ उतरतं, गालावर रक्त दिसतं, जबड्याजवळ कपडे वर येतात. ट्यूबमध्ये हे मिळणार कसं?

रन्वारच्या गोऱ्यापान पॅरिसकरणींसाठीची मिश्रणं आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत, पण त्याची बघायची रीत चालते. सावळ्या किंवा गहूवर्णी चेहऱ्यासाठी मी अशी सुरुवात करते. मधला टोन आधी: यलो ऑकर दोन भाग, व्हर्मिलियन एक भाग, चिमूटभर अल्ट्रामरीन आणि जरुरीपुरता पांढरा. पॅलेट नाइफवर हे मिश्रण घ्या, हात लांब करून मॉडेलच्या गालाच्या दिशेनं धरा आणि एक डोळा मिटून तुलना करा. बहुतेक वेळा तुमचं मिश्रण फार उजळ निघतं. आपण मनातल्या मनात सगळ्यांना गोरं करतो. लग्नाच्या अल्बमवाल्यांना हसतो, पण हात आपलाही तिकडेच जातो.

मधला टोन जमला की त्याच्या आधारानं बाकीचे. उजेडाच्या बाजूला नुसता पांढरा घालू नका, चेहरा खडूसारखा होतो. टायटॅनियम फार जोरकस आहे. रन्वारच्या काळी तो नव्हताच, त्याच्याकडे शिशाचा पांढरा होता, मवाळ पण विषारी. आपण टायटॅनियमच वापरू, फक्त थोडा. कपाळ, गालफाड, नाकाचा वरचा भाग इथे उत्तरेच्या खिडकीचं आभाळ पडतं, म्हणून पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा थेंब आणि गुलाबीचा स्पर्श. सावळ्या चेहऱ्यावर ही चमक गोऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त उठून दिसते, कारण खालची त्वचा गडद असते. त्यामुळे आपल्याकडचं पोर्ट्रेट या पद्धतीला खरं तर जास्त वाव देतं.

उजेड थंड असला की सावली तुलनेनं ऊबदार दिसते. सावलीत ऑकर, गुलाबी आणि थोडा व्हिरिडियन घेऊन पातळ थर द्या, पांढरा जवळजवळ नको. सावली पातळ आणि उजेड जाड, हे लक्षात ठेवा. मग त्या सावलीत शेजाऱ्याचा रंग शोधा. भाचीच्या हनुवटीखाली मोरपंखी कुर्त्याचा हिरवा होता. मी तो टाकला, सरळ हिरवट फटकारा. तिची आई म्हणाली, तोंडाला काय लागलंय तिच्या?

या प्रश्नाची परंपरा मोठी आहे. इम्प्रेशनिस्टांच्या १८७६ च्या प्रदर्शनात रन्वारनं उन्हात बसलेल्या एका तरुणीचं अर्धाकृती चित्र लावलं होतं. तिच्या उघड्या अंगावर झाडांतून झिरपलेला उजेड हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांनी रंगवलेला. ‘फिगारो’ या फ्रेंच दैनिकाचा समीक्षक आल्बेर वोल्फ यानं लिहिलं की या गृहस्थाला कोणीतरी समजावून सांगा, बाईचं शरीर म्हणजे हिरवे-जांभळे डाग पडलेला कुजत चाललेला मांसाचा गोळा नव्हे. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तेव्हा घरचे काही म्हणाले तर दहा फूट मागे नेऊन दाखवा. तिथूनही हिरवा वेगळा उठत असेल तर घरच्यांचं बरोबर आहे. टोन चुकलाय, तो थोडा गडद करा. शेजारच्या सावलीइतकाच गडद असलेला हिरवा त्वचेत मुरतो. उजळ हिरवा लागल्यासारखा दिसतो.

पांढरा अंडाकार आता मोठ्या फटकाऱ्यांनी भरा. फटकारा आकारासोबत फिरवा: कपाळावर आडवा, गालावर गोलाईनं तिरका, नाकावरून खाली. एकदा ठेवलेला रंग पुन्हा पुन्हा चोळू नका. चुकला तर नाइफनं खरवडून काढा आणि नव्यानं ठेवा. खरवडण्यात कमीपणा नाही.

कडा

बॅकग्राउंड शेवटी केलं की कडा सगळीकडे सारखी कडक येते. आपण भिंत आणि चेहरा बरोबर ओले ठेवले ते याचसाठी.

बेर्थ मोरिझोचं १८७९ चं, बॉल गाऊनमधल्या तरुणीचं चित्र बघा, ओर्सेमध्येच आहे. फ्रेंच सरकारनं ते १८९४ मध्ये विकत घेतलं, तिच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. मागे पानं-फुलं, अंगावर पांढरा गाऊन आणि त्यावरही फुलं. काही ठिकाणी पान कुठलं आणि गाऊन कुठला ते जवळून सांगता येत नाही. तरी बाई कुठेही हरवत नाही. कडा हरवते आणि पुढे सापडते.

हे करायचं कसं? मॉडेलकडे किलकिल्या डोळ्यांनी बघून चेहऱ्याभोवती एक फेरी मारा. जिथे भिंत आणि चेहरा टोननं जवळ आहेत तिथे कोरड्या मऊ ब्रशनं दोन्ही रंग एकमेकांत हलकेच ओढा, एकदाच. केसांची कडा तर जवळजवळ सगळीकडे अशीच. सुटे केस एकेक काढायचे नाहीत, केसांचा रंग भिंतीवर थोडा पसरू द्यायचा. जिथे फरक मोठा आहे, समजा उजेडातल्या गालामागे गडद केस, तिथे कडा स्वच्छ ठेवा. अशा दोन-तीन स्वच्छ कडा पुरतात.

डोळे आणि ओठ

इथपर्यंत यायला दीड-दोन तास गेलेले असतात. आता छोटा फ्लॅट. डोळा म्हणजे बदाम आणि मधे गोटी, ही शाळेतली आकृती विसरा. आधी डोळ्याच्या खोबणीची सावली, मग वरच्या पापणीची गडद पट्टी एका फटकाऱ्यात, मग बुबुळ त्या पट्टीला टेकलेलं. डोळ्यातला पांढरा पांढरा नसतो. पापणीच्या सावलीत तो निळसर करडा असतो, कित्येकदा गालापेक्षाही गडद. खालच्या पापणीला रेघ नको. चमकेचा ठिपका अगदी शेवटी, आणि दोन्ही डोळ्यांत एकसारखा नाही.

ओठांचीही तीच गत. वरचा ओठ सावलीत, खालचा उजेडात. मधली रेघ सबंध काढू नका, कोपऱ्यात आणि मध्यावर गडद, अधेमधे सोडून. साम्य बऱ्याचदा ओठांच्या कोपऱ्यात असतं. झान सामारीचं हसू बघा, ते ओठांत जेवढं आहे तेवढंच खालच्या पापण्यांत आहे.

साम्य येत नसेल तर चित्राला पाठ करून उभे राहा आणि हातातल्या आरशात चित्र व मॉडेल दोन्ही एकदम बघा. वाकडी हनुवटी, वर गेलेला डोळा, सगळं लगेच पकडलं जातं.

थांबायचं कधी

तपशील चेहऱ्याच्या मधल्या त्रिकोणातच. हात, कपडे, खुर्ची यांना मी फार तर वीस मिनिटं देते. बोटं मोजून काढू नका, हाताचा एकच आकार धरा. सातव्या फेरीला मॉडेल कंटाळते, प्रकाश बदललेला असतो आणि आपण चुका दुरुस्त करायच्या नावाखाली नुसते घोटत असतो. माझा नियम असा: सलग तीन फटकारे ठेवून तिन्ही पुसावे लागले की ब्रश खाली.

दुसरी बैठक हवीच असेल तर दुसऱ्याच दिवशी, रंग ओला असताना. नाहीतर पूर्ण वाळल्यावर, आणि मग वरच्या रंगात आधीपेक्षा थोडं जास्त तेल घालून. अर्धवट वाळलेल्या थरावर काम केलं तर खालचा थर उचकटतो, वर भेगाही पडू शकतात.

नंतरची कामं

तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो. पातळ भाग आठवड्यात हाताला लागेनासे होतील, जाड फटकाऱ्यांना बराच जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात हे आणखी लांबतं, आणि कोकणात, दमट घरात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. म्हणून जून ते सप्टेंबर चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या. कपाटात बंद करूनही ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.

वॉर्निश किमान सहा महिने तरी नाही. मुळात लावायचंच का, हाही प्रश्न आहे. पिसारो या इम्प्रेशनिस्टानं एका चित्राच्या मागे ‘कृपया वॉर्निश लावू नये’ असं लिहून ठेवलं होतं. चकचकीत थरानं फटकाऱ्यांचा मऊ कोरडेपणा जातो, असं या मंडळींपैकी बऱ्याच जणांना वाटायचं. मी लावत नाही, काच न टेकणाऱ्या फ्रेममध्ये बसवते.

तेलाच्या चिंध्यांचं मात्र त्याच संध्याकाळी बघा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटू शकतात. एकेक उलगडून गॅलरीत दोरीवर वाळत घाला, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्प बेसिनमध्ये ओतू नका. डबा दोन दिवस ठेवला की गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं.

आणि मॉडेलला चित्र त्याच दिवशी दाखवा, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून. जवळ आली तर ती आधी नाकच बघणार. भाचीनं दारातूनच बघितलं, थोडी थांबली आणि विचारलं, “ही आजीची अबोली साडी ना?”